समोरच्या संघाशिवाय

मी, हरी सयाजी शितोळे, वय वर्षे ७४, निवृत्त अर्थशास्त्र संशोधक, राहणार इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूसच नाही.

कलम १. राहता फ्लॅट माझी मुलगी ऋचा हिला मिळावा. ती मेलबर्नला असते, दर रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का?" विचारते. तिने फ्लॅट खुशाल विकावा. या मजल्यावरचे भाडेकरू सारखे बदलतात, त्यामुळे मी गेल्याचं शेजारी डॉ. कावेरी सोडून कोणाला कळवायची गरज नाही.

कलम २. बँकेतली ठेव ऋचा आणि विठाबाई यांना निम्मी निम्मी. विठाबाई आनेकलहून बसने येतात, स्वयंपाक करतात आणि मला रागावतात, "साहेब, पानात टाकायचं नाही हं." बहुतेक दिवशी माझ्या कानावर पडणारं तेवढंच बोलणं. ऋचाने वाईट वाटून घेऊ नये.

कलम ३. पुस्तकं मागेल त्या कॉलेजला द्यावीत. माझ्या जुन्या संस्थेला एकही देऊ नये, आणि तिने शोकसभाही घेऊ नये. बाजारातली स्पर्धा आणि क्रीडा उद्योग हा माझा विषय. तेव्हाचे संचालक चहाच्या टेबलावर सांगत, "शितोळे पगार घेऊन मॅच बघतात." ते मी विसरलेलो नाही.

कलम ४. दुर्बीणही ऋचाला. कंठीरवा स्टेडियममध्ये मी आणि गुरुप्रसाद कट्टी ती आलटून पालटून लावायचो. सामना एकतर्फी झाला की प्रेक्षक कधी उठतात, ते बघायला. गुरुप्रसाद दुसऱ्या संस्थेत याच विषयावर काम करत. मूळचे निपाणीकडचे, मराठी आमच्याइतकंच फर्डं.

कलम ५. साबणाच्या कारखानदाराला शेजारचा कारखाना बुडाला तर पेढे वाटावेसे वाटतात. खेळात समोरचा संघ बुडाला तर आपलंही तिकीट खपत नाही. इथवर आमचं एकमत होतं. श्रीमंत संघांच्या कमाईतला वाटा गरीब संघांना दिला तर सामने चुरशीचे होतात का, यावर मात्र आयुष्यभर जुंपली. गुरुप्रसाद म्हणायचे, होतात. मी म्हणायचो, गरीब संघाचा मालक तो पैसा खिशात घालतो. मी एक निबंध छापला की त्यांचा उलटा निबंध आलाच. ते खोडतील म्हणून मी एकेक वाक्य दहादा तपासायचो.

मग त्यांच्या पत्नी वारल्या. पुढच्या परिसंवादात मी निबंध वाचला आणि सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते उठले. "सरी, ठीक आहे, हरीअण्णा. तुमचंच बरोबर. आता पुरे," म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. माझी बायको गेली तेव्हाही मी इतका एकटा नव्हतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आता ते व्हाइटफील्डला मुलाकडे असतात. फोन केला तर "बरं आहे" म्हणून ठेवून देतात.

त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा वकिलांचा सल्ला आहे, म्हणून त्यांना काहीही ठेवत नाही. फक्त इतकं नोंदवतो: वाटा दिल्याने चुरस वाढत नाही, हे मी सिद्ध केलं आहे. गुरुप्रसाद कट्टी यांचं सगळं संशोधन फोल होतं, आणि हा वाद माझ्या विजयाने कायमचा मिटला, असं समजावं.

कलम ६. साक्षीदारांनी सही करण्याआधी प्रत्येक शब्द वाचावा. कायदा तसं सांगत नाही, मी सांगतो.

स्थळ: बेंगळुरू
दिनांक: १० जानेवारी २०२५

सही: हरी सयाजी शितोळे

साक्षीदार १: डॉ. कावेरी नागराज, शेजारी. यांनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती व मनःस्थिती ठीक आहे. जेवण वाढवावं.

साक्षीदार २: गुरुप्रसाद हयवदन कट्टी. सही माझ्यासमोर झाली, तेवढ्यापुरतीच ही साक्ष. कलम ५ साफ चूक आहे. जुने आकडे काढून सोमवारी येतो. हरीअण्णा, तोवर मरायचं नाही.