मॉर्टनच्या सहाव्या भागाचा शेवट

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसानं लिहावी असं म्हणतात आणि जबाबदारी माझ्यावर आलेली आहे. मॉर्टन या गुप्तहेराचे चौदा सिनेमे झाले, पंधरावा डिसेंबरात येतोय. त्याआधी 'मॉर्टन मंडळ, दिग्रस' या ग्रुपनं चौदाही भागांचं रँकिंग ठरवायचं, विक्कीनं त्याच्या दुकानात फ्लेक्स छापायचा आणि तो बसस्टँडसमोर लावायचा. वर अ‍ॅडमिन म्हणून माझा फोटो. विक्की म्हणे, फोटो कायले? म्हटलं, बाबा रे, कोणीतरी पुढे व्हावं लागतं.
संकल्प: शांत राहायचं. कोणालाही मूर्ख म्हणायचं नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
विक्कीला मूर्ख म्हणालो. त्यानं नववा भाग पहिला टाकला. का, तर बोटींची पळापळ आहे.
पहिला नंबर सहाव्याचाच. मित्र कसा असावा ते त्यातल्या वेल्सकडून शिकावं. जखमी मॉर्टनला बर्फातून खांद्यावर टाकून नेतो. तीस वर्षं मी हे सांगतोय. तांड्यातल्या तीन लग्नांत आणि एका निरोप समारंभात मी वेल्सचं उदाहरण दिलेलं आहे. बायामाणसं रडली होती.

७ नोव्हेंबर
जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग. मी तिथला ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा; मान वर करायला सवड नाही. तेवढ्यात ग्रुपवर समीक्षाचा मेसेज. माझीच मुलगी, यवतमाळला होस्टेलवर असते. विचारते, बा, शेवटी वेल्सचं काय होते?
मी लिहिलं, शेवट सांगणं रसिकाला शोभत नाही. चार अंगठे आले.
खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. शाळेत असताना टॉकीजचा शो तीनचा आणि आमच्या तांड्याकडची शेवटची एसटी साडेपाचची. त्यामुळे पहिले सात भाग मी साडेपाचपर्यंत पाहिले. राहिलं असेल पंधरा-वीस मिनिटं. त्यात काय असणार? हिरो जिंकतो. म्हणजे नव्वद टक्के पाहिले. दहावीला नव्वद टक्के पडले तर पेढे वाटतात.

९ नोव्हेंबर
संकल्प: मोबाइलवर सहाव्याचा शेवट पाहून टाकायचा. उगाच मनात किडा नको.

११ नोव्हेंबर
पाहिला नाही. फोन बबिताकडे होता. बायकोच्या हातातून फोन घेणं बरं दिसत नाही.

१२ नोव्हेंबर
पाहिला नाही. विचार केला, आता पाहिला तर आधी पाहिला नव्हता असं सिद्ध होईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ग्रुपवर डोमाजीभाऊ बोलले. डोमाजीभाऊ म्हणजे टॉकीजचे जुने डोअरकीपर. टॉकीज बंद पडली तेव्हापासून घरीच असतात. टाइप करता येत नाही म्हणून आवाज पाठवतात. म्हणे, "धरम, तो वेल्सच त फितूर निंगते ना बावा. खांद्यावर नेते तो मॉर्टनले इकाले नेते."
माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांचा वेल्स! मी लिहिलं: "डोमाजीभाऊ दारात उभे राहून टॉर्च मारत होते. दारातून पाहणाऱ्यानं सिनेमावर बोलू नये. मी कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ग्रेड सांगत नाही."
एक अंगठा आला. तो चुकून माझाच दाबला गेला होता.
दहा मिनिटांनी डोमाजीभाऊ ग्रुपमधून गेले. म्हणजे लेफ्ट.

१६ नोव्हेंबर
ग्रुपवर कोणी बोलत नाही. शब्द थोडे जड गेले असतील. मुद्दा बरोबर होता.
या माणसानं शाळेतल्या पोराला सात वेळा मागच्या दाराजवळची खुर्ची धरून ठेवली होती. हे आज कशाला आठवलं कळत नाही.

१९ नोव्हेंबर
समीक्षा म्हणते, वाद कायले, पाहूनच घेऊ. रविवारी ती येतेय. विक्कीच्या दुकानात कोऱ्या फ्लेक्सवर प्रोजेक्टर लावायचा आणि सहावा भाग सगळ्यांनी मिळून पाहायचा. मी लगेच हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.
डोमाजीभाऊंना निरोप पाठवला. येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे.
मैत्रीवर दोन पानी भाषण तयार आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
भाषण अकरा मिनिटं झालं. टाळ्या बऱ्या.
सिनेमा सुरू. सगळं तोंडपाठ, मी आधीच संवाद म्हणत होतो. मग बर्फ आलं. वेल्सनं मॉर्टनला खांद्यावर घेतलं आणि मी उठून उभा राहिलो. आपोआप. चपलेत पायही घातले. विक्की म्हणे, "कुठी चालले भाऊ?" सगळ्यांनी वळून पाहिलं. मी परत बसलो.
पुढची अठरा मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. वेल्स मॉर्टनला टेकडीपलीकडे नेतो, दुश्मनाच्या जीपजवळ उतरवतो आणि हात झटकतो. वर हसतो.
लाइट लागला. मी म्हणालो, हिंदी डबिंगमध्ये शेवट वेगळा होता. विक्की म्हणे, डबिंगमध्ये जीप बी वेगळी होती का? सगळे हसले. समीक्षा हसली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली. तीन लग्नं आठवली.

२५ नोव्हेंबर
समीक्षाचा होस्टेलवरून फोन. म्हणे, बा, तू शेवट पाह्यलाच नव्हता ना? मी म्हणालो, आवाज तुटून राह्यला. तिनं पुन्हा फोन केला. म्हणे, मले नको सांगू, पण डोमाजीकाकाची माफी माग. त्यांनी काय वाईट केलं होतं?
संकल्प: उद्या जायचं. सरळ माफी मागायची. भाषण नाही.

२६ नोव्हेंबर
गाड्या फार. गेलो नाही.

२८ नोव्हेंबर
गेलो. दारात त्यांच्या घरच्या बसंतीबाई उभ्या दिसल्या. नमस्कार करून गाडी तशीच पुढे नेली. पुढे काही काम नव्हतं. पुसद रोडनं चार किलोमीटर जाऊन परत आलो.
आता बोलायचं ते कागदावर लिहून काढलंय. "डोमाजीभाऊ, मी खोटं बोललो. तुमचा अपमान केला. मला माफ करा." तीनच वाक्यं. पाठ आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपारी
जाऊन आलो.
डोमाजीभाऊ अंगणात बसले होते. मला पाहून गुडघ्यावर हात ठेवून उठले, खुर्ची दिली. बसंतीबाईंनी चहा टाकला. मी खिशातला कागद चाचपला, घसा साफ केला. तेवढ्यात तेच बोलले.
"चुकलं धरम माह्यं. चार लोकांत तुह्यं तोंड पाडाले नाही पायजे होतं. मले त माहीत होतं ना, तू साडेपाचच्या गाडीले निंगून जाये म्हणून. मीच त दार उघडून देत होतो. तरी मी बोललो. मनात नको ठेवू बावा."
त्यांनी हात जोडले. सत्तरीचा माणूस.
माझं तोंड उघडलं. तीन वाक्यं तयार होती. बाहेर आलं ते असं: "जाऊ द्या डोमाजीभाऊ, झालं ते झालं. मी मनात ठेवत नसतो."
त्यांना केवढा आनंद झाला. बसंतीबाईंना हाक मारून म्हणाले, धरमच्या मनात काई नाई वो. त्या अर्धा कप चहा आणखी घेऊन आल्या. तोही प्यायलो.
घरी बबितानं विचारलं, झाली का माफी? म्हटलं, झाली. कोणी मागितली ते तिनं विचारलं नाही, आणि मला सांगायची लाज वाटली.