धुमेची कणीक

गुरुजी, तीन दिवसांत लातूर आणि नांदेडमधली वाद्यांची सात दुकाने पालथी घातली. गाडी सून चालवते. प्रत्येक दुकानापुढे ती गाडी उभी करते आणि विचारते, "मामा, नेमकं घ्यायचंय तरी काय?" मी सांगतो, भजनी मंडळाला मृदंग. मंडळाकडे मृदंग दोन आहेत, आणि हे तिलाही ठाऊक आहे. दुकानांत आता गिटारी टांगलेल्या असतात, ढोलक्यांना कातड्याऐवजी प्लॅस्टिकची पाने चढवलेली असतात, विकणारा मुलगा बोटाने टिचकी मारून "आवाज बघा" म्हणतो, आणि मी मागच्या भिंतीवर एखाद्या वृद्ध कारागिराची तसबीर दिसते का ते पाहत राहतो. संध्येला बसलो तरी चित्त आसनावर ठरत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तुझं बूड अन् तुझं मन कधी एका जागी बसलंच न्हाई."

आपण दोघे याच रस्त्याने गेलो होतो. आपला लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या आणि त्यांच्याखाली लोक रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभे असत. सप्ताह पंधरा दिवसांवर आला होता आणि तुमच्या मृदंगाचे उजवे, शाईचे पान फाटले होते. निलंग्याहून एस.टी.ने लातूर गाठले. तिथल्या दुकानदाराने पान पुढे केले, तुम्ही ते उजेडात धरून परत दिले. तो ओशाळून म्हणाला, "भुकेल्या जनावराचं कातडं हाय गुरुजी. औंदा समदं असंच. सूर धरत न्हाई." अहमदपूरलाही तेच. नांदेडला एका अरुंद गल्लीतल्या उस्तादांकडे मात्र दुष्काळाआधीचे एक पान शिल्लक होते. त्यांनी ते दोन दिवस खपून चढवले. आपण त्यांच्याच पडवीत मुक्काम केला. मी माझे पाणी वेगळे ठेवत होतो, आणि तुम्ही ते पाहत होता.

मृदंगाच्या डाव्या अंगाला, धुमेला, भिजवलेल्या कणकेचा थर दिल्यावाचून खर्ज उमटत नाही, हे मला तुम्हीच शिकवले. पारख करायची म्हणून उस्तादांच्या पत्नीने जर्मनच्या ताटलीत पिठाचा गोळा आणला. रेशनच्या तांबड्या ज्वारीचे पीठ होते ते. थाप पडताच भेगाळून खाली आले. मी म्हणालो, गव्हाची पाहिजे. ती क्षणभर उस्तादांकडे पाहत राहिली, मग आत गेली आणि मूठभर गव्हाची कणीक घेऊन आली. ती मला सैल वाटली. मी पटाशीने खरवडून काढली, अंगणातल्या मोरीत टाकली आणि पुन्हा घट्ट भिजवून आणायला सांगितले. अन्नाला ब्रह्म म्हणणारी श्रुती मला तेव्हाही स्वरांसह मुखोद्गत होती. तिने दुसरी आणली. मृदंग बोलला. असा खर्ज मी पुन्हा ऐकला नाही.

एस.टी. स्टँडवर तुम्ही गाडीची चौकशी केलीत. मग म्हणालात, "ती कणीक कुणाची होती, ठावं हाय?" उत्तरही तुम्हीच दिलेत. "त्यांची लेक बाळंतपणाला आलीय. तिच्या शिऱ्यापुरता गहू होता घरात. मोरीत घातलास तू." घरी जाणारी गाडी सोडून तुम्ही मला अर्धापूरला नेलेत. तिथल्या तुमच्या एका शिष्याकडे, केळी वाळून गेलेल्या त्या घरात, तुम्ही पदर पसरल्यासारखे उपरणे पसरून दोन शेर गहू मागितलेत. गाठ मारून उपरणे माझ्या हाती दिलेत. "त्या माउलीच्या पायावर डोकं ठेव. गहू दे. मगच मृदंगाला हात लाव. तवर मी हितंच हाय."

मी नांदेडला गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. ती दारात बसून सूप पाखडत होती. सुपात काय होते ते दिसले नाही. चाळीस पावलांचे अंतर असेल. मी पोथी सांगणारा, चार गावांत ज्याच्या पायांना लोक हात लावतात तो. तिच्या पायांशी वाकलेला मला कुणी पाहिले तर, एवढाच विचार मनात आला. मी वळलो. अर्धापूरला येऊन म्हणालो, "दिले." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलेत, आणि स्वतःच्या हाताने तुमचा मृदंग माझ्या गळ्यात घातलात.

ते गहू मी पिशवीच्या तळाशी दडवून गावी आणले. टाकवेनात, दळून खाववेनात. शेवटी सप्ताहात माझा म्हणून शिधा दिला. तुम्ही मंडपात सर्वांसमोर म्हणालात, "असल्या सालात गहू आणणारं काळीज लागतं." पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात. त्या मंडपानंतर मी जितके सप्ताह वाजवले, त्या प्रत्येकात पहिली थाप मारताना माझा डावा हात अडखळला आहे. लोक त्याला माझी लकब म्हणतात.

काल दुपारी ती गल्ली सापडली. दुकान तिथेच आहे. गल्ल्यावर पांढऱ्या केसांची एक बाई होती, उस्तादांची लेक. तिचा नवरा इथेच येऊन काम शिकला, आता मुलगा पाहतो. "अब्बा जाऊन लई वर्षं झाली, महाराज. अम्मा त्यांच्या मागोमाग." दुष्काळाचे नाव काढताच हसून म्हणाली, "त्या साली माझं पहिलं बाळंतपण की." मग मी तिला सगळे सांगितले, गुरुजी. मोरीत टाकलेली कणीक सांगितली, गल्लीच्या तोंडावरून मागे फिरणे सांगितले, मंडपातली वाहवा सांगितली. काही वगळले नाही. फक्त, ही आमच्या एका गुरुबंधूंची गोष्ट, अशी सुरुवात केली.

तिने सगळे शांतपणे ऐकले. "अम्मानं कधी सांगितलं न्हाई बघा," म्हणाली. "अन् तेवढ्यासाठी त्यांनी आयुष्यभर जिवाला घोर लावून घेतला? घेऊन या त्यांना एकदा. चहा पिऊन जातील."

मी म्हणालो, "ते आता नाहीत."

हे लातूरच्या लॉजवर बसून लिहितो आहे. कागद पुरा झाला, तो कुठे धाडणार. सून सकाळी गाडी निलंग्याकडे काढू म्हणते. मी तिला अजून होकार दिलेला नाही, आणि नांदेडला परत चल, असेही म्हणालेलो नाही.