मोरीवरची जाळी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझ्या लॉन्ड्रीत यंत्रांच्या घरघरीत तुला काही ऐकू येत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत बाबांना सगळं ऐकू येतं. शिवाय या पत्रात मी ‘गेलो’, ‘आलो’ असं लिहिणार आहे. चूक समजून सुधारू नकोस. का ते पुढे येईलच.

सध्या मला सगळ्याचीच शिसारी आलीय. गटारांची नाही. गटार बिचारं सरळ असतं, घाण आहे ती दाखवतं. शिसारी येते ती गिऱ्हाइकांची. दार उघडलं की माझ्या पाठीमागे जिन्यात बघतात, मिस्त्री कुठे राहिला म्हणून. मीच प्लंबर म्हटलं, की नाकावरचा रुमाल खाली करून मला नखशिखांत न्याहाळतात. एका बाईंनी तुंबलेला संडास दाखवता दाखवता विचारलं, की बाईच्या जातीला या कामाची किळस कशी येत नाही. मी म्हटलं, कामाची येत नाही. पुढचं पोटातच ठेवलं. मला कुणी बाई म्हटलं ना आत्या, की दुसऱ्या कुणाचा तरी ओला टॉवेल अंगावर टाकल्यासारखं होतं. आंघोळीला मी दिवा लावत नाही. किती वर्षं झाली, आठवतही नाही.

आता मुद्द्याचं. परवा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरातून बोलावणं आलं. मोरी तुंबून पाणी घोट्यापर्यंत आलेलं. पाइपात तारेची लांब स्प्रिंग घातली, फिरवली, ओढली, तर केस निघाले. साबणाच्या चिकट्यात बरबटलेला, मनगटाएवढा जाड, ओढत गेलो तरी संपेना असा केसांचा दोर. काळे, पांढरे, लाल रंगवलेले, सगळे एकात एक. वास असा की माझ्यासारख्यानंही नाकाला बाही लावली. एवढे केस आले कुठून, तर तिथं दर गुरुवारी काही माणसं जमतात. कुणाला जन्मल्यावर मुलगा म्हटलं पण ती बाई आहे, कुणाला मुलगी म्हटलं पण तो पुरुष आहे, कुणाचं अजून ठरायचंय. बाहेरच्या सलूनमध्ये लोक हसतात, म्हणून केसही तिथंच कापतात. कापणारी एक धिप्पाड, घोगऱ्या आवाजाची बाई आहे. तिला सगळे वस्ताद म्हणतात.

मी पाण्यात उभा राहून तो दोर बादलीत भरत होतो आणि कान त्यांच्या बोलण्याकडे होते. एक बसचालक सांगत होता, की आंघोळ करताना त्याला नेहमी आपण कुणा परक्या बाईला न्हाऊ घालतोय असं वाटायचं. माझ्या हातून बादली सुटली. सगळा गुंता पुन्हा पाण्यात. मला वाटायचं, जगात हे खूळ फक्त माझ्याच डोक्यात आहे.

मी कोण, ते छातीठोक सांगता येत नाही. बाई नाही, एवढंच कळतं. आणि त्या लोकांत बसावंसं वाटतं, एवढंही कळतं. पण बाबांना कळलं तर? माझं दुकान तेच, घर तेच, आणि माणूस म्हणावा तर ते आणि तू. एवढ्यावर पाणी सोडायची माझी तयारी नाही.

बाबांचा नियम तुला पाठ आहेच. केसांनी तुंबलेली मोरी मोकळी केली, की तोंडावर बारीक जाळी बसवायची आणि मगच हत्यारांची पेटी बंद करायची. मी पेटी बंद केली आणि घरी आलो.

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला. या वेळी मागतोय.

तुझा की तुझी ते तूच ठरव,
पाना


१३ फेब्रुवारी

चि. पाना,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगते. वाचून मला किळस आली. चहा तसाच ओतून टाकला. मी हॉटेलांच्या चादरी धुणारी बाई. माणसं चादरीवर काय काय ठेवून जातात ते बघताना माझ्या कपाळाला कधी आठी पडली नाही, आणि भाचीच्या पत्रानं पोटात ढवळलं. कशानं, ते मलाही नीट सांगता येत नाही. तू आपल्याच अंगाबद्दल जे लिहिलंस त्यानं असेल. त्या अंगाला मी न्हाऊमाखू घातलंय. हातातला पाना सोडत नव्हतीस म्हणून पान्यासकट घातलंय, तेव्हापासून हे नाव चिकटलं तुला. त्याला तू परक्याचा ओला टॉवेल म्हणतेस?

दादाला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तो पाइपातली घाण उघड्या हातानं काढेल, पण लोकांच्या तोंडची घाण त्याला सोसत नाही. दुकानासमोर कुणी तुझ्या शर्ट-पँटवरून काही बोललं होतं, तेव्हा तो जेवला नव्हता, आठवतं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. मोरी मोकळी झाली, काम संपलं, आता त्या तळघराकडे फिरकायचं कारण नाही. कोण कुठली माणसं, आज आहेत, उद्या कुठे असतील कुणास ठाऊक.

इकडे माझे गुडघे संपावर आहेत. इस्त्रीवाला न सांगता निघून गेला, त्यामुळे दिवसभर मीच उभी. तू लहानपणी चादरींच्या ढिगात लपून बसायचीस, त्या कोपऱ्यात आता नवीन यंत्र आलंय. तुझ्यापेक्षा जास्त आवाज करतं.

रागावले तरी माया आटत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या


१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी किळस पोचली. नाकाला रुमाल न लावता सांगितलीस, त्याबद्दल आभार.

मी पुन्हा गेलो होतो. मोरी पुन्हा तुंबली, वस्तादनं दुकानात फोन केला, बाबा वैतागले आणि मी पेटी उचलली. तिथली सगळीच मला आवडतात असं समजू नकोस. एक मऊबाई आहे. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. प्रत्येक वाक्य लोण्यात बुडवून काढते, आपला हात हातात धरून ठेवते आणि तुझ्या प्रवासात आम्ही आहोत असं डोळे मिटून सांगते. तिचा तो घामेजलेला हात आठवला की आत्ताही अंगावर काटा येतो. शिवाय सगळे उठता बसता मिठ्या मारतात. म्हणून आता मी हातमोजे काढतच नाही. मोज्यांना काय लागलंय ते पाहून लोक आपणहून लांब राहतात.

पण वस्ताद तशी नाही. तिनं मला काहीच विचारलं नाही. मोरीखालचा वास अडवणारा ट्रॅप पितळी चांगला की प्लास्टिकचा, एवढंच विचारलं. पाइपांवरून बोलणं निघालं ते निघालं, आणि मी कधी सगळं सांगून बसलो ते कळलंच नाही. ती म्हणाली, की ठरवायची घाई कुणीच केलेली नाही, तिला स्वतःला पन्नाशी उजाडली. मग म्हणाली, की बसायला ये, पण खुर्च्या कमी आहेत. मी म्हटलं, मी पेटीवर बसतो.

तू म्हणशील, कारण नाही तर जाऊ नकोस. अगं, मलाही तेच वाटतं. एका गुरुवारी रिकाम्या हातानं गेलो होतो. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. पेटी हातात असली की मी कामाला आलेला प्लंबर. पेटी नसली की पायच उतरत नाहीत.

आणि केस कापले. वस्तादनं वेणी कात्रीनं उडवली आणि मोरीवर डोकं धुतलं. वेणीला बाबांची पांढरी टेप होती, पाइपाच्या आट्यांना गुंडाळतात ती. आई गेल्यावर त्यांना रिबीन बांधता येईना म्हणून त्यांनी टेप गुंडाळायला सुरुवात केली आणि तीच सवय मला लागली. ती केसांच्या टोकासकट पाण्याबरोबर मोरीत गेली. घरी सांगितलं, की स्प्रिंगच्या यंत्रात वेणी अडकली म्हणून कापावी लागली. बाबांनी यंत्र उघडलं, तपासलं, तेल घातलं. मग माझं डोकं दिव्याखाली धरून कुठे लागलंय का ते पाहिलं. आत्या, गटारांनी, गिऱ्हाइकांनी, मऊबाईनं आणलेली सगळी किळस एकीकडे, आणि त्या वेळी मला स्वतःची आलेली घृणा एकीकडे.

तुझे गुडघे शेकत जा. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, पण लिहिणं थांबवू नकोस.

पाना


१० मार्च

चि. पाना,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळताच आधी शेवट वाच, मग बाकीचं.

मी नळवाल्याची बहीण आहे, हे तू विसरतोस. तुझ्या हातची मोरी दुसऱ्यांदा तुंबली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आता दादा फोनवर सांगत होता, की तिसऱ्यांदा तुंबली. तू जाळी बसवलीच नव्हतीस. विसरला नाहीस, मुद्दाम बसवली नाहीस, पुन्हा बोलावणं यावं म्हणून. शहाण्या, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून कुणाला दिसत नाही की काय?

माझी किळस गेली का, ते विचारशील. परवा घडी घालणारी एक बाई त्या तळघरातल्यांसारख्या कुणा गिऱ्हाइकाबद्दल गलिच्छ काही बोलली आणि सगळ्या खिदळल्या. पोटात तसंच ढवळलं, पण या वेळी कुणामुळे ते नक्की कळलं. तिला टेबलावरून उठवून मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलंय. अजून लावतेय. भाचा म्हणायचं मनात घोळवून पाहते. जीभ अडखळते, पण काही झडत नाही.

आता शेवट. दादाला वाटतंय की तुझा हात बिघडला आणि दुकानाचं नाव जाणार. येत्या गुरुवारी तो स्वतः तिकडे जाणार आहे. त्याआधी धावत जा आणि जाळी बसव.

तुझ्या पाठीशी आहे, गुडघे देतील तेवढी.

तुझी आत्या


१८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. फोनवर बोलायला गेलो तर आवाज फुटणार नाही, म्हणून लिहितो. पानाच्या नावाचं तुझं पाकीट आज आलं. फोडलेलं नाही. संध्याकाळी देईन.

गुरुवारी त्या तळघरात गेलो. मोरी पाहिली. जाळी नव्हती. जाळीच्या स्क्रूसाठी भोकंसुद्धा पाडलेली नव्हती. मी शिकवलेलं पोर दोन वेळा येऊन दोन्ही वेळा विसरेल, हे मला पटेना. राग आला. असलं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसणं. मग स्प्रिंग घालून गुंता बाहेर काढला. तुला सांगवत नाही एवढी घाण होती. त्यात पांढरी टेप निघाली. आट्यांवर गुंडाळायची, केसांचं टोक धरलेली. मी ज्या वळणानं गुंडाळतो त्याच वळणाची. मी वेण्या घातल्यात, मला कळायला वेळ लागला नाही. यंत्रात अडकलेली वेणी तिथं कशी येणार?

मान वर केली तर खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. ती केस कापणारी पुढे आली आणि म्हणाली, की तुमचा मुलगा काम चांगलं करतो, त्याला रागावू नका. धाकटे, मी तिथंच ओकलो. इतकी वर्षं लोकांची घाण उपसली, कधी असं झालं नाही. ती माणसं बिचारी मागे सरकली. त्यांना वाटलं, मला त्यांची किळस आली.

त्यांची नाही आली. त्यांचं सगळं मला समजलं असं म्हणत नाही, अजून नाही समजलं. पानाचंही नाही समजलं. जीभ वळायलाही वेळ लागेल. पण माझ्या लेकराला चार माणसांत बसायला मोरी तुंबवावी लागते, आणि घरी येऊन बापाला यंत्राची खोटी गोष्ट सांगावी लागते, याची मला शिसारी आली. ती अजून तोंडातून जात नाही.

त्या बाईनं मला पाणी दिलं, आणि मिशा वाढल्यात, कातरू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आज नको. मग जाळी बसवली. घट्ट बसवली. ती मोरी आता तुंबणार नाही. म्हणजे पानाला तिथून कामाचं बोलावणं येणार नाही. कामाशिवायच जायचं. हे मला तोंडानं सांगता येत नाही. जेवायला समोरासमोर बसतो आणि नळांचंच बोलतो. तू लिही. तुझं पत्र तो मन लावून वाचतो.

आणखी एक लिही. खुर्च्या कमी म्हणून तो पेटीवर बसतो असं तिथं कळलं. पेटी बसायची वस्तू नाही, पत्रा चेपतो. पेटी दुकानातच ठेवायची. माझं लाकडी स्टूल गुरुवारी दाराशी काढून ठेवीन. ते घेऊन जायचं आणि येताना तिथंच ठेवून यायचं.

गुडघ्यांना जप. आमच्या दोघांवरचा लोभ आहे तसाच राहू दे.

दादा