बाकाचं विधेयक

३ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी निघाली! शुक्रवारच्या यादीत माझं विधेयक पहिलं! पीए धावत सांगायला आला तेव्हा मी तोंडात गोळी घेऊन उभी. पाण्याशिवायच गिळली.

आम्हा साध्या सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारचे अडीच तास मिळतात, तेही चिठ्ठी निघाली तर. आठ वेळा निवडून आले, अकरा वेळा हाच कागद दिला. दोनदा चर्चेला आला. दोन्ही वेळा मंत्र्यांनी उठून आश्वासन दिलं, 'ताईंनी मागे घ्यावं' म्हणाले, आणि ताईंनी मागे घेतलं. भोळी सांब!

कागद एक पानाचा. ज्या सरकारी खिडकीपुढे माणसं ताटकळतात, तिथे त्यांना बसायला बाक हवं. बास. सासूबाई हयातीच्या दाखल्यासाठी चार तास उभ्या राहिल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "जिवंत असल्याचा दाखला आणता आणता मेले असते गं!" त्याच आठवड्यात मी हे लिहिलं. सासूबाई गेल्या, बाक काही आलं नाही.

हे माझं शेवटचं अधिवेशन. आता उभी राहणार नाही, ह्यांना शब्द दिलाय. तेव्हा या शुक्रवारी झालं तर झालं.

४ फेब्रुवारी

पक्षाचे चौघे आले. "ताई, अजून एकदा उभ्या राहा." म्हटलं, गुडघ्यांना विचारा.

५ फेब्रुवारी

मंत्रिमहोदयांनी चहाला बोलावलं. सत्तेतला, वयाने माझ्या धाकट्याएवढा. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा हा शाळेत पाढे म्हणत असेल. गोड बोलला. "ताई, मागे घ्या, मी शब्द देतो." म्हटलं, बाळा, असे दोन शब्द माझ्या कपाटात आहेत, त्यावर कुणाला बसता येत नाही. हसला. नंतर गंभीर होऊन म्हणाला, "मतदान झालं तर आमची माणसं जास्त आहेत." ते काय मला माहीत नाही?

आकड्यांपुढे शहाणपण चालत नाही. तरी मागे घेणार नाही. नाही म्हणजे नाही.

६ फेब्रुवारी

ह्यांना फोनवर भाषण म्हणून दाखवलं. चौदा मिनिटं. पलीकडे शांतता. वाटलं, भारावले. मग म्हणतात, "पहिली अकरा काढून टाक."

छत्तीस वर्षं मी इथे बोलते आणि हे तिथे ऐकतात. रोज सकाळी घरच्या पुढच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं येतात, कुणाची जमीन, कुणाची बदली, कुणाची सून. हे सगळ्यांचं ऐकून अर्ज लिहून देतात. पण चार माणसांपुढे बोला म्हटलं की संपलं! माईक दिसला की ह्यांना खोकला लागतो. थोरलीच्या लग्नात आभार मानायचे होते, तर मांडवामागे जाऊन बसले.

अकरा मिनिटं काढली. चांगलं झालं, मेलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू! अजून हसू येतंय.

तीन मिनिटांत बोलले. सासूबाईंचं वाक्य सांगितलं, समोरची बाकंसुद्धा हसली. मग मंत्री उठले. ज्येष्ठ, आदरणीय, मार्गदर्शक – माझ्या तेराव्याला बोलतील तसं सगळं बोलले. शेवटी, "ताईंनी मागे घ्यावं." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मत घ्या."

"बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं." आमच्याकडून होय आलं. मी मात्र समोर बघत बसले, त्यांच्या बाजूनेही बरेच होय आल्यासारखं वाटलं, पण कानांवर विश्वास ठेवायचं माझं वय नाही. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "विरोधात असतील त्यांनी–"

आणि मी ओरडले, "नाही!"

खणखणीत! छत्तीसपैकी एकोणतीस वर्षं विरोधी बाकांवर काढली. 'विरोधात' ऐकलं की जीभ आपली आपणच उठते, मला विचारत नाही. आणि त्या अख्ख्या सभागृहात माझा एकटीचाच आवाज! समोरचे सगळे गप्प. म्हातारीला जाता जाता एवढं द्यायचं, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं म्हणे. मंत्र्यांनीच. 'मागे घ्यावं' म्हणणं नुसतं रीतीपुरतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "ताई, विधेयक आपलं आहे."

"सवय, अध्यक्ष महाराज!"

मग जो हशा उठला! दारावरचा शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून. विधेयक मंजूर. विरोधात एक, तीही मीच. मंत्री समोरून चालत आले आणि पाया पडले. मी रडले. सगळ्यांदेखत, बिनदिक्कत.

८ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर! 'स्वतःच्या विधेयकाला स्वतःचाच विरोध'. ह्यांचा फोन. "घरी तरी काय वेगळं करतेस? चहा हवा का विचारलं की आधी नाही, मग माझ्या कपातला पितेस."

आता फक्त वरच्या सभागृहाची मंजुरी. पंधरा दिवसांचं काम.

१७ फेब्रुवारी

आमचं सभागृह बरखास्त. सत्तेतल्या वरिष्ठांचं आपसात फाटलं, निवडणुका लवकर लागणार. वरच्या सभागृहात माझा कागद पोचलाच नव्हता. म्हणजे तो मेला. पुन्हा पहिल्यापासून, आणि जो निवडून येईल त्यानेच मांडायचा.

हातातोंडाशी आलेला घास. खूप वाईट वाटलं. न्हाणीघरात नळ सोडून रडले. एकाहत्तराव्या वर्षी!

२१ फेब्रुवारी

घरी आले. पुढच्या खोलीत गर्दी, आणि सगळी ह्यांच्याभोवती. एका बाईने मला विचारलं, "तुमचा नंबर कितवा?" ह्यांना इतकं हसू आलं की अर्जावर शाई सांडली. मलाही बरं वाटलं.

१२ मार्च

पक्षप्रमुख आले. "ताई, तुमच्या जागी कोण?" मी दोन नावं दिली, दोन्ही त्यांना पसंत नाहीत. आमचं बोलणं चाललेलं असताना हे दारात उभे राहून सारखे खोकत होते. काढा करून दिला. घेतला नाही.

१९ मार्च, बुधवार

उमेदवारी अर्ज भरला. ह्यांनी! चौऱ्याहत्तराव्या वर्षी, घामाघूम होऊन. म्हणाले, "तुझा कागद परक्याच्या हातात कशाला द्यायचा?" आठ वेळा माझ्या अर्जावर सूचक म्हणून ह्यांची सही होती. आज ह्यांच्या अर्जावर मी केली.