म्हसोबाची पहिली ओंजळ

मामा, काल बाजारातून आलं ते असं: नारळ तीस रुपये, उदबत्ती दहा, लिंबं पाच, आणि म्हसोबाच्या मानाची बाटली. तिची किंमत खर्चाच्या वहीत देवधर्माखाली लिहायला हात धजेना, घरखर्चात तर नाहीच नाही.

तुमच्या मुलानं दारू सोडली, हे तुम्हाला कोण सांगणार? लिंबागणेशला गणपतीपुढं शपथ घेतली ती पोळ्यापर्यंत टिकली. दुसऱ्यांदा घेतली तर हातपाय इतके थरथरले, की मी घाबरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शपथ चांगलीच हो ताई, पण घरच्या घरी एकदम सोडू नका. गोळ्या घेऊ द्या, आणि संध्याकाळ रिकामी ठेवू नका." देवावर भरवसा असताना गोळी कशाला, हे मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही नीटसं नाही. पण गुण आला. यांनी दूध संस्थेत फॅट लावायचं, म्हणजे दुधाचा कस मोजायचं, काम धरलं. किटल्यांची रांग, लोकांची कुरकुर, त्यातच गुत्त्याची वेळ टळून जायची. मी समजले, सुटली. आता दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, संस्थेनं संध्याकाळचं दूध घेणं बंद केलं. झाडलेलं अंगण हे पुन्हा झाडत बसतात.

आणि उद्या म्हसोबाला पाऊस मागायचा आहे. दारू वाहायची, तीर्थ म्हणून पहिली ओंजळ घ्यायची, हा मान आपल्या घराचा. चुलत दीर ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, एका ओंजळीनं काय व्हतंय? देवाचं हाय ते. पाऊस न्हाई आला तर गाव कुणाला बोलंल?"

हे म्हणाले, "माझ्या वाटची तूच घे की. तुला बिगर तीर्थाची बी चालती."

"मान थोरल्याचा हाय, दादा," असं म्हणून ते हसत गेले. मग हे मला म्हणाले, "घेतली तर मी गेलो, न्हाई घेतली तर देव कोपला. कुणाला भिऊ, सांग." मी आयुष्यात कधी प्रसादाला नाही म्हटलेलं नाही. मी काय सांगू?

तुम्हीही सोडलेली होती, मी या घरात यायच्या आधीच. माझं पहिलं वर्ष. तुम्ही म्हसोबाहून येता, मी तुमच्या हातावर पाणी घालते. सदऱ्याला वास आहे. तोंडाला आहे की नाही, उमगत नाही. मी विचारते, "मामा, तीर्थ घेतलंत?"

"घेतलं बी अन् न्हाई बी. भाकरी वाढ, पोरी."

चुलीपासून आत्याबाई ओरडतात, "सासऱ्याला असं इचारत्यात व्हय गं?" मी भाकरी वाढायला वळले. किती दिवस ते उत्तर मला हुशारीचं वाटायचं. आज त्याचा काही उपयोग होत नाही. ओठाला लावून सांडली होती का? डोळ्यांना लावली? की प्यालात, आणि तरी निभावलं? तुमचं निभावलं म्हणून यांचं निभेल का?

म्हसोबाच्या बांधावर बायकांनी जायचं नसतं. उद्या मी यांच्या शेजारी जाऊन उभी राहणार आहे. काय करीन तिथं, माहीत नाही. यांनी ओंजळ पुढं केली की हात धरीन, की डोळे मिटून घेईन? तुम्ही नको म्हणालात तरी मी जाईन, असं वाटतं. तरी विचारते आहे. तुम्ही गेलात तिथं हा कागद टाकायला पेटी नाही, हे कळतं मला. पण त्या दिवशी काय केलंत तेवढं उलट टपाली कळवा.