सातव्या वर्षाचा उपास

४ मार्च
आजपासून ईस्टरआधीचा मोठा उपास. पंचावन्न दिवस. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. टेस्फालेमशिवायचा हा सातवा! नवरा सुदानच्या निर्वासित छावणीत, मी इथे विनिपेगला हॉस्पिटलच्या लाँड्रीत. निघाले तेव्हा सेमहर पोटात होती. आता पहिलीत आहे. बाप म्हणजे तिला फोनमधला आवाज.

एकही उपास मोडला नाही मी. हे लिहिताना मान ताठ होते. होऊ दे.

११ मार्च
टेस्फालेमच्या व्हिसासाठी कचेरीला फोन. चाळीस मिनिटं तेच संगीत, मग एक बाई — "फाइल तपासणीत आहे." गेल्या वर्षीही हेच!

अब्रेहेतमावशी शेजारी चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुझा देव आणि इथलं सरकार, दोघंही फोन उचलत नाहीत बघ!"

"सरकारने आज उचलला," मी म्हटलं. "देवाकडे रांग मोठी असेल."

हसली मेली. मग स्वतःच्या डब्यातला अर्धा इंजेरा, आमचं आंबट धिरडं, माझ्या डब्यात टाकला, वर मसुराचं कालवण.

२३ मार्च
उणे अठरा. बस चुकली. चालत गेले.

३१ मार्च
चर्चमध्ये आज मुद्दाम शेवटी, दाराशी उभी राहिले. प्रार्थना संपल्यावर आबांनी गाठलंच.

"लेतेब्रहान, आज मागे का?"

"रागावलेय, आबा."

"कुणावर?"

मी वर बोट दाखवलं.

आबा, आमचे पाद्री, ऐंशीचे आहेत. दचकतील असं वाटलं होतं. म्हणाले, "रागावून का होईना, आलीस ना! खूश असलेले कितीतरी आज घरी झोपलेत."

येताना बसमध्ये प्रार्थना केली. तोंड वाकडं करूनच — पण केली.

९ एप्रिल
शाळेतून तक्रार. एक मुलगी सेमहरला म्हणाली, "तुला बाबाच नाही." आमची बया म्हणते, "आहे! माझी आई रोज देवाकडे मागते त्याला. तुझी आई मागते का काही?" ती पोर रडायला लागली.

बाईंची माफी मागितली. तोंडाने. आतून अशी फुगले होते की कोट घट्ट झाला!

१७ एप्रिल
गाडीचा परवाना मिळाला. चौथ्या खेपेला!

२६ एप्रिल
आमच्या पंचांगाचा गुड फ्रायडे; इथल्यांचा गेल्याच आठवड्यात झाला. सुट्टी मिळाली नाही. अकरा वाजता फोन वाजला. व्हिसा मंजूर.

मी गरम चादरींच्या ढिगावरच गुडघे टेकले. अब्रेहेतमावशीने अशी ललकारी दिली की सुपरवायझर धावत आला — कुणाचा हात मशीनमध्ये अडकला म्हणून! मावशी त्याच्याच गळ्यात पडून रडायला लागली.

देवा, आज मी तुझ्याकडे काही मागत नाही.

१४ जून
आला. विमानतळावरची एक मुलगी त्याला हाताला धरून घेऊन आली. दोन वर्षं झाली, डोळ्यांनी काही दिसत नाही त्याला. फोनवर हे एकदाही सांगितलं नाही!

"कळलं असतं तर खचली असतीस," म्हणाला.

"मी? मी खचले असते?" ओरडलेच. सगळे वळून बघायला लागले.

सेमहर माझ्यामागे लपली होती. मग आपणहून पुढे झाली, त्याचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला.

"ही मी," म्हणाली.