ढोकरी तळवलीला सोडली

चारू,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. ढोकरीला मी सोडून आलो. पक्षिमित्र मंडळाने ती आपल्याकडे पंख बरा होईपर्यंतच सांभाळायला दिली होती, आणि परवा त्यांचे डॉक्टर म्हणाले, आता सोडा. तिच्या टोपलीवर तुझा हात होता. तो बाजूला करताना तू म्हणालीस, "जपून न्या." जागी होतीस की स्वप्नात, कळलं नाही.

उजाडता उजाडता सायकलने तळवलीच्या खाडीवर पोचलो. धुक्यात पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, दिसत नव्हतं. टोपली उघडली तरी ती बाहेर येईना. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तेवढ्यात, तिच्यासाठी आपल्याला मासळी देणाऱ्या दुर्गाबाई बांधावरून म्हणाल्या, "तुमी मागं सरा. तिला पानी दिसू दे." मी मागे सरलो. ती दोन पावलं चालली, आणि त्या मातकट अंगातून एकदम पांढरेशुभ्र पंख उघडले. पलीकडे पाच-सहा ढोकऱ्या होत्या, त्यांच्यात मिसळून गेली.

आता कामावर निघतो. कॅन्टीनमध्ये जेवेन, डब्यासाठी धडपडू नकोस. दवाखान्यातून घरी आल्यापासून तू दाराबाहेर पाऊल टाकलं नाहीस, आणि मीही कधी विषय काढला नाही. चुकलं माझं. संध्याकाळी तळवलीला येशील? त्यातली आपली कुठली, मला ओळखता आलं नाही. तुला येईल.

जयप्रकाश